मूठभर धान्य आणि उघडा हिशेब
चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलपट्टीतील लोकवर्गणीचा अल्प इतिहास

मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला म्हणजे आपल्या सभांतून पहिला प्रश्न निघतो तो पैशाचा. कोणी म्हणतो, सरकारने द्यावा. कोणी म्हणतो, शहरातल्या चार धनिकांना गाठावे. हे दोन्ही मार्ग आपापल्या जागी ठीक आहेत. परंतु या दोहोंखेरीज तिसराही एक मार्ग आहे आणि आपल्या जंगलपट्टीला तो मुळीच नवा नाही. ज्यांच्या गाठीला फारसे काही नव्हते अशा माणसांनी आपले थोडे थोडे एकत्र करून गावच्या तरुण पिढीसाठी काही उभे केले, अशी उदाहरणे आपल्या घरापासून एका दिवसाच्या एस. टी. प्रवासात पाहता येतील. त्यांचा थोडक्यात इतिहास पालकांपुढे व विद्यार्थ्यांपुढे ठेवावा, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

मुलूख आणि त्याची जुनी रीत

पूर्वीचा चांदा जिल्हा म्हणजे वर्धा नदीपासून इंद्रावतीपर्यंत पसरलेला अफाट मुलूख. २६ ऑगस्ट १९८२ रोजी त्याचे दोन भाग होऊन गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा झाला. पश्चिमेला कोळशाच्या खाणी आणि बल्लारपूरची कागद गिरणी, पूर्वेला धानाची शेते आणि त्यापलीकडे साग-बांबूचे रान. गडचिरोली जिल्ह्याचा सुमारे तीन-चतुर्थांश भाग जंगलानेच व्यापलेला आहे. अशा मुलखात वस्त्या लहान, अंतरे मोठी आणि पावसाळ्यात नाले भरले की शाळेची वाट बंद, ही स्थिती पिढ्यान्पिढ्या चालत आली.

पण याच मुलखात एकत्र येऊन काम करण्याची रीतही तितकीच जुनी आहे. पूर्व विदर्भातील तलाव पाहा. गोंड राजवटीत जो तलाव बांधील त्याला जमीन बहाल करण्याची प्रथा होती, आणि मातीची ती पाळ घालण्यासाठी शेकडो हात लागत. पुढे पाळ फुटली, गाळ साचला, तर दुरुस्तीलाही गावच लागे. आजही झाडीपट्टीत सुगी झाली की गावोगाव नाटके होतात. मंडप, पाहुण्यांचे जेवण, कंपनीची बिदागी, तिकिटांचा हिशेब हे सारे गावातले तरुण मंडळ पाहते. तात्पर्य, जमणे, वर्गणी काढणे आणि ती निभावून नेणे हे गुण आमच्या लोकांत नाहीत असे कोणी म्हणू नये. प्रश्न आहे तो हे गुण मुलांच्या शिक्षणाकडे वळविण्याचा.

वरोड्याचे महाविद्यालय कोणी बांधले?

पहिले उदाहरण वरोड्याचे. मुरलीधर देवीदास आमटे, म्हणजेच बाबा आमटे, हे वरोड्यात वकिली करीत. तेथील नगरपालिकेचे ते उपाध्यक्षही होते. १९४९ साली त्यांनी कुष्ठरुग्णांसाठी महारोगी सेवा समिती स्थापन केली. सहा रुग्ण, चौदा रुपये आणि एक लंगडी गाय एवढ्या भांडवलावर आनंदवन सुरू झाले असे सांगितले जाते. सरकारकडून मिळालेली जमीन दगडाधोंड्यांची व झुडपांची होती. विनोबा भावे यांच्या हस्ते १९५१ साली आनंदवनाचे उद्घाटन झाले.

तो काळ कुष्ठरुग्णाला गावाबाहेर काढण्याचा होता. बोटे झडलेल्या त्या माणसांनी विहीर खणली, जमीन साफ केली, भाजी पिकविली. पण त्यांनी पिकविलेल्या भाजीला आरंभी वरोड्याच्या बाजारात गिऱ्हाईक मिळेना. पुढे सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेमार्फत परदेशांतले तरुण स्वयंसेवक येऊन राहिले. त्यांनी रुग्णांच्या बरोबरीने इमारतीचे काम केले, त्यांच्याबरोबर खाल्ले-प्यायले. परक्या देशची मुले ज्यांच्या पंगतीला बसतात त्यांच्या हातची भाजी आपण का नाकारावी, असा विचार हळूहळू गावकऱ्यांच्या मनात आला आणि आनंदवनाची वाट त्यांच्या पायाखालची झाली.

यानंतर जे घडले ते आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचे आहे. आनंदवनाने आपल्या रुग्णांसाठीच आणखी काही मागितले असते तर कोणी त्याला दोष दिला नसता. परंतु १९६४ साली आनंदवनाच्या आवारात आनंद निकेतन महाविद्यालय सुरू झाले, आणि ते वरोडा व आसपासच्या खेड्यांतील मुलामुलींसाठी होते. ज्यांच्या हातची भाजी गावाने घेतली नव्हती, त्यांच्याच श्रमातून गावच्या मुलांना महाविद्यालय मिळाले. ज्या बापाने कुष्ठरुग्णाची सावली टाळली असेल, त्याचाच मुलगा कुष्ठरुग्णांनी सिद्ध केलेल्या भूमीवर बसून पदवीची परीक्षा देऊ लागला.

देणारा नेहमी श्रीमंतच असतो हा आपला समज येथे पार खोटा ठरतो. बाबा आमटे यांचे सांगणे हेच होते की दयेवर जगणारा माणूस खचतो, आणि देता येऊ लागले की तोच माणूस ताठ उभा राहतो. त्याच विचाराने १९६० च्या दशकाच्या अखेरीस मूल तालुक्यातील सोमनाथ येथे तरुणांच्या श्रमसंस्कार छावण्या भरू लागल्या. महाराष्ट्राच्या कानाकोपऱ्यांतून मुले-मुली उन्हाळ्याच्या सुटीत येत, कुदळ-फावडे हाती घेत आणि संध्याकाळी विचारवंतांची व्याख्याने ऐकत. त्यांच्यापैकी कितीतरी जण पुढे सामाजिक कार्यात शिरले.

भामरागडच्या रानातील शाळा

दुसरे उदाहरण याच घराण्यातील, पण अधिक दुर्गम जागेचे. २३ डिसेंबर १९७३ रोजी भामरागडजवळ हेमलकसा येथे लोकबिरादरी प्रकल्प सुरू झाला. डॉ. प्रकाश आमटे व डॉ. मंदाकिनी आमटे आणि त्यांच्याबरोबर आलेले मूठभर कार्यकर्ते प्रथम झोपड्यांतच राहिले. तेथील माडिया लोकांची भाषा त्यांना येत नव्हती व त्यांची भाषा माडियांना कळत नव्हती. दवाखान्याने ओळख झाली, विश्वास बसला आणि १९७६ साली निवासी शाळा निघाली.

या शाळेत आलेल्या मुलांच्या घरी पाटी-पुस्तक ही वस्तूच नव्हती. घरची बोली माडिया आणि पुस्तक मराठीत, ही अडचण वेगळीच. आईची भाषा एक आणि शाळेची दुसरी, हे दुःख आपल्या पुष्कळ घरांना ठाऊक आहे. म्हणून हेमलकशाची कथा आपल्याला परकी वाटू नये. कार्यकर्त्यांनी आधी स्वतः माडिया शिकून घेतली आणि मग मुलांना मराठी शिकविली. या शाळेतून निघालेल्यांत पुढे डॉक्टर झाले, शिक्षक झाले, वकीलही झाले. डॉ. प्रकाश व डॉ. मंदाकिनी आमटे यांना २००८ साली मॅगसेसे पुरस्कार मिळाला तेव्हा त्यांचे नाव जगभर झाले. पण त्याआधीची तीन तपे कार्यकर्त्यांनी तुटपुंज्या मानधनावर, देणगीदारांनी लहान लहान रकमांवर आणि पालकांनी मुलाला घरापासून दूर ठेवण्याच्या धैर्यावर हा संसार चालविला होता. पालकाचे हे धैर्यदेखील एक वर्गणीच होय, हे विसरू नये. गुरे राखणारे, मोहफुले वेचणारे घरचे दोन हात शाळेला देणे ही गरीब घराची लहानसहान देणगी नव्हे.

मेंढा गावचे घोटुल

तिसरे उदाहरण मात्र बाहेरून आलेल्या कोणाचे नाही. ते गावाने स्वतःच घडविले आहे. धानोरा तालुक्यात गडचिरोलीपासून सुमारे तीस किलोमीटरवर मेंढा (लेखा) हे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. गोंड समाजात घोटुल म्हणून एक जुनी संस्था आहे. गावातील तरुण मुलामुलींनी संध्याकाळी जेथे जमावे, मोठ्यांकडून गाणी, कथा, कामाची व वागणुकीची रीत शिकावी, असे ते घर. बाहेरच्या लोकांनी त्याविषयी भलतेसलते बोलून, टवाळी करून तरुणांना त्याची लाज वाटायला लावली आणि पुष्कळ गावांतून घोटुले नाहीशी झाली.

१९८० च्या दशकात या भागात मोठ्या धरणांविरुद्ध चळवळ झाली. त्या काळात गावागावांतून आपले जंगल, आपली रीत यांविषयी नव्याने विचार सुरू झाला. मेंढ्याच्या लोकांनी ठरविले की आपल्या मुलांसाठी घोटुल पुन्हा बांधायचे. कोणी लाकूड वाहिले, कोणी खांब रोवले, कोणी शाकारणी केली. घर उभे राहिले. परंतु सागाचे लाकूड वापरले म्हणून वनखात्याने ते बेकायदा ठरविले आणि पाडून टाकले. गावाने माघार घेतली नाही. आसपासची गावेही पाठीशी उभी राहिली आणि घोटुल पुन्हा बांधले गेले. एका गावाने आपल्या पोरांसाठी बांधलेल्या चार खांबांच्या घराने सबंध परिसराला आपल्या हक्काची जाणीव करून दिली.

यापुढची वाटचाल अभ्यासगटाची. देवाजी तोफा व गावातील इतर मंडळी, आणि त्यांच्याबरोबर मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखे बाहेरचे सोबती, नियमाने बसून कायदा, जंगल, दारू, मजुरी या विषयांवर चर्चा करीत. कायद्याचा कागद आणायचा, मोठ्याने वाचायचा, न समजलेला शब्द विचारायचा. शाळेत फारसे न गेलेली माणसे अशा रीतीने प्रौढपणी विद्यार्थी झाली. निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वांच्या संमतीने घ्यायचा आणि त्यात बायकांचाही बरोबरीचा आवाज असायचा, हा गावाने स्वतःला घालून घेतलेला नियम. मजुरीतला ठराविक वाटा ग्रामकोशात जमा करण्याची पद्धतही याच गावाने पाडली. अडीअडचणीला सावकाराच्या दारी जाण्याऐवजी गावाच्याच कोशाकडे येता यावे, हा त्यामागचा हेतू.

वनहक्क कायदा २००६ साली संमत झाला तेव्हा मेंढा गाव तयारच होते. २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर गावाचा सामूहिक हक्क मान्य झाला. देशात असा हक्क मिळविणाऱ्या अगदी पहिल्या गावांत मेंढ्याची गणना होते. एप्रिल २०११ मध्ये तत्कालीन केंद्रीय पर्यावरण मंत्री जयराम रमेश यांनी गावी येऊन बांबूच्या वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. ज्या सागाच्या खांबांसाठी गावाचे घोटुल पाडले गेले होते, त्याच जंगलातील बांबू पाठविण्याचा परवाना आता ग्रामसभा स्वतः लिहू लागली. चंद्रपूर जिल्ह्यात गोंडपिपरी तालुक्यातील पाचगाव या गावालाही २०१२ साली असा सामूहिक हक्क मिळाला, आणि बांबूच्या कामामुळे पूर्वी मजुरीसाठी बाहेर जाणाऱ्या तरुणांना गावातच काम मिळू लागले.

आपल्या घरातील इतिहास

आता कोणी म्हणेल, ही उदाहरणे आश्रमांची व आदिवासी गावांची आहेत, आपल्या मोहल्ल्याशी त्यांचा काय संबंध? म्हणून थोडे आपल्याही इतिहासात डोकावू.

१८६६ साली देवबंद येथे मदरसा निघाला तेव्हा त्याच्या चालकांनी नवाब-जहागीरदारांच्या आश्रयावर विसंबायचे नाही असे ठरविले. सामान्य माणसाच्या लहान वर्गणीवर संस्था चालवायची, हे धोरण संस्थापक मौलाना कासिम नानोतवी यांनी लिहून ठेवले. रोख पैसा नसेल त्याने धान्य द्यावे, पुस्तक द्यावे. आणि विशेष म्हणजे दरवर्षीच्या छापील अहवालात देणगीदारांची यादी येई. त्यात मोठ्या रकमांच्या शेजारी अगदी लहान देणगीदेखील नावानिशी नोंदलेली असे.

अलीगढची वाट निराळी होती, परंतु तेथेही हेच दिसते. सर सय्यद अहमद खान यांनी १८७५ साली शाळा काढली आणि तिच्यासाठी ते दारोदार फिरले. पुढे १८९० साली तेथील विद्यार्थ्यांनीच ड्यूटी सोसायटी, म्हणजे अंजुमन-उल-फर्ज, काढली. साहिबजादा आफताब अहमद खान हा विद्यार्थी तिचा पुढारी होता. गरीब विद्यार्थ्याची फी निघावी म्हणून तिचे सभासद सुटीत गावोगाव हिंडून वर्गणी गोळा करीत. विद्यार्थ्यांनीच विद्यार्थ्यांसाठी झोळी घ्यावी, आणि तिला उपकार न म्हणता कर्तव्य म्हणावे, यात केवढा अर्थ आहे!

महाराष्ट्रातले उदाहरण कोल्हापूरचे. राजर्षी शाहू महाराजांनी निरनिराळ्या समाजांसाठी वसतिगृहे काढविली. १९०६ साली त्यांच्याच पुढाकाराने मुस्लिम समाजाची शिक्षणसंस्था व बोर्डिंग निघाले आणि तिचे अध्यक्षपद महाराजांनी स्वतःकडे घेतले. खेड्यातल्या हुशार मुलाला शहरात दोन वेळचे जेवण व निजायला जागा मिळाली तर तो शिकतो, हे साधे सत्य त्या राजाने ओळखले होते. साताऱ्यात कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९२४ पासून चालविलेल्या वसतिगृहात सर्व जातिधर्मांची मुले एका पंगतीला बसत. तेथे मुलांच्या जेवणासाठी लक्ष्मीबाई पाटील यांनी अंगावरचे दागिने मोडले, ही गोष्ट प्रत्येक विद्यार्थिनीने ऐकलेली असावी.

इतिहास काय सांगतो?

या सर्व उदाहरणांत मला तीन गोष्टी समान दिसतात.

पहिली, रक्कम लहान पण नेमाची. एकदाच मोठी देणगी देऊन फोटो काढून घेणाऱ्यापेक्षा दर महिन्याला आपला ठरलेला वाटा टाकणारा संस्थेला अधिक उपयोगी पडतो. आपल्या आयाबहिणी पूर्वी स्वयंपाकाला बसताना मूठभर तांदूळ किंवा चिमूटभर पीठ वेगळ्या डब्यात काढून ठेवीत. घरात कोणाला ती मूठ कमी पडली नाही, पण त्या मुठीवर कितीतरी मुलांची जेवणे झाली.

दुसरी, घेणारा हाच पुढे देणारा होतो. आनंदवनाच्या रुग्णाने महाविद्यालयासाठी घाम गाळला, अलीगढच्या विद्यार्थ्याने धाकट्या विद्यार्थ्याची फी गोळा केली. ज्या मुलाला आज पुस्तके मिळाली त्याने परीक्षेनंतर ती जपून परत आणावीत आणि खालच्या वर्गातील मुलाला रोज तासभर शिकवावे. तो दानाचा धनी नसून एका साखळीतला दुवा आहे, हे त्याच्या मनावर ठसले पाहिजे.

तिसरी व सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे हिशेब. मेंढ्याचा कोश टिकला, कारण तेथे प्रत्येक गोष्ट सर्वांसमोर येते आणि सर्वांच्या संमतीने ठरते. देवबंदवर लोकांचा विश्वास बसला, कारण देणाऱ्याचे नाव छापून त्याच्या हाती येत असे. आपल्या मोहल्ल्यांतूनही मोठ्या उत्साहाने फंड निघतात आणि दोन वर्षांत थंडावतात, हे कोण नाकारील? पैसे कोणी खाल्ले असे प्रत्येक वेळी नसते. बहुधा वही एकाच्या घरी राहते, बैठक लांबत जाते, कोणी विचारले तर त्याला राग येतो, आणि मग देणाऱ्याचा हात आपोआप आखडतो. गरिबाला आपल्या पाच रुपयांचा हिशेब विचारण्याचा तेवढाच हक्क आहे जेवढा श्रीमंताला पाच हजारांचा. तो हक्क मान्य झाला नाही तर जकात, सदका, वक्फ हे शब्द नुसते उच्चारून शाळेचे छप्पर गळायचे थांबत नाही.

पालकांना व विद्यार्थ्यांना

आपल्या भागात मुले कोठे गळतात हे शोधायला मोठी पाहणी नको. दहावीनंतर तालुक्याच्या गावी खोली घ्यावी लागते तेथे एक गळतो. परीक्षेचा अर्ज भरायच्या आठवड्यात बाप आजारी पडतो तेथे दुसरा गळतो. मुलीची शाळा दूर आहे आणि सोबत नाही एवढ्या कारणाने तिसरी घरी बसते. यांपैकी एकाही अडचणीला लाखांची गरज नाही. चार घरांनी मिळून एक खोली भाड्याने घ्यावी, मोहल्ल्यातील निवृत्त शिक्षकाने तेथे संध्याकाळी बसावे, गॅरेजवाल्याने एक जुनी सायकल दुरुस्त करून द्यावी, दोन मुलींनी जोडीने शाळेत जावे. मेंढ्याच्या लोकांनी घोटुलासाठी खांब वाहिले ते असेच, ज्याने त्याने आपल्या बळाप्रमाणे.

विद्यार्थी मित्रांनो, तुमची फी, तुमचे पुस्तक, तुम्ही बसता तो बाक यामागे तुम्हांला न दिसणारे कितीतरी हात आहेत. त्यांतले काही हात बोटे नसलेलेही असू शकतात, हे वरोड्याचा इतिहास सांगतो. त्या हातांची नावे तुम्हांला कळणार नाहीत आणि त्यांची परतफेडही त्यांना करता येणार नाही. ती करायची तुमच्या मागून येणाऱ्या मुलाला.

आणि पालकांनो, पुढच्या बैठकीला आपला वाटा घेऊन या, तसाच एक प्रश्नही घेऊन या. मागच्या वर्षीचा हिशेब वाचून दाखवा, असे न भिता म्हणा. चालकांनी तो हसतमुखाने वाचावा. ज्या संस्थेत हा प्रश्न मोकळेपणाने विचारला जातो आणि त्याचे उत्तर मिळते, तिची तिजोरी लहान असली तरी आपल्या मुलांना ती अर्ध्या वाटेवर सोडीत नाही.